ज्येष्ठांसाठी समाजकार्य : शिक्षण, नोकरीच्या वाटा आणि पहिली काही वर्षे

ज्येष्ठ नागरिकांसाठी काम करू इच्छिणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यासमोर पहिली अडचण अशी येते की, त्याला हव्या असलेल्या नोकरीची जाहिरात त्या नावाने जवळजवळ कधीच निघत नाही. सरकारी रुग्णालयाला ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हवा असतो, समाज कल्याण आयुक्तालयाला ‘निरीक्षक’ हवा असतो, स्वयंसेवी संस्थेला ‘प्रकल्प समन्वयक’ आणि खासगी कंपनीला ‘केअर मॅनेजर’ हवा असतो. या चारही माणसांच्या टेबलासमोर दिवसभर येणाऱ्यांमध्ये साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण मोठे असते. पण जाहिरातीत ‘ज्येष्ठ’ हा शब्द नसल्यामुळे नवोदिताचे तिकडे लक्षच जात नाही. 2011 च्या जनगणनेनुसार देशात 60 वर्षांवरील लोकांची संख्या 10.38 कोटी होती आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे 9.9 टक्के होता. तेव्हापासून हा वाटा वाढतच गेलेला आहे. काम भरपूर आहे, फक्त ते निरनिराळ्या पाट्यांखाली विखुरलेले आहे. त्या पाट्या ओळखायच्या कशा आणि कोणत्या क्रमाने पुढे जायचे, हे महाराष्ट्रातील परिस्थिती समोर ठेवून येथे मांडले आहे.

पहिली पायरी : पदवी आणि विशेषीकरण

या व्यवसायात टिकायचे असेल तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, घ्यावीच लागते. बीएसडब्ल्यूवर, म्हणजे समाजकार्यातील पदवीवर, संस्थांमध्ये क्षेत्रीय कार्यकर्त्याची कामे मिळतात, परंतु रुग्णालयांतील आणि अध्यापनातील बहुतेक पदांसाठी पदव्युत्तर पदवीची अट असते. महाराष्ट्राला या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात 1936 मध्ये मुंबईत समाजकार्याचे विद्यालय म्हणून झाली, निर्मला निकेतन 1955 मध्ये सुरू झाले आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था 1963 मध्ये. नागपूरलाही मातृसेवा संघ आणि तिरपुडे अशी जुनी महाविद्यालये आहेत.

बहुतेक महाविद्यालयांत ज्येष्ठांविषयीचे स्वतंत्र विशेषीकरण नसते. तो विषय एखाद्या पेपरात किंवा पेपरच्या एखाद्या घटकात येतो. म्हणून निवड प्रामुख्याने ‘वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य’ आणि ‘कुटुंब व बालकल्याण’ या दोहोंमध्ये करावी लागते. माझे मत स्पष्टपणे पहिल्याच्या बाजूने आहे. कुटुंबातील ताणतणाव समजून घेण्याचे शिक्षण दोन्हीकडे मिळते. मात्र पक्षाघात, स्मृतिभ्रंश, मधुमेहाची गुंतागुंत, पार्किन्सन्स यांची भाषा आणि डॉक्टरांशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याची सवय वैद्यकीय विशेषीकरणातच लागते, आणि ती नंतर नोकरीत शिकणे फार अवघड जाते. ज्याला शासकीय सेवेत किंवा धोरणाच्या कामात जायचे आहे, त्याने समुदाय विकास घेतला तरी काही बिघडत नाही.

अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांमध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थेने आखलेले वृद्धसेवेचे प्रशिक्षणवर्ग उपयोगी असतात. त्यांना एमएसडब्ल्यूची जोड म्हणून पाहावे. एमएसडब्ल्यूची जागा ते घेऊ शकत नाहीत.

दुसरी पायरी : क्षेत्रकार्याची जागा हट्टाने मागून घ्या

एमएसडब्ल्यूची दोन वर्षे वर्गापेक्षा क्षेत्रकार्यात, म्हणजे संस्थेतल्या प्रत्यक्ष कामात, घडतात, हे सर्वांना माहीत असते; तरीही ‘प्लेसमेंट’ मिळेल तिथे मुकाट्याने जाण्याकडे विद्यार्थ्यांचा कल असतो. ज्याला ज्येष्ठांसाठी काम करायचे आहे, त्याने क्षेत्रकार्य समन्वयकांना आधीच भेटून निदान एक वर्ष मोठ्या सार्वजनिक किंवा विश्वस्त (धर्मादाय विश्वस्त संस्थेने चालवलेल्या) रुग्णालयात मागून घ्यावे. बहुतेकांना वाटते त्याप्रमाणे वृद्धाश्रमापासून सुरुवात करू नये. वृद्धाश्रमात माणूस येतो तेव्हा त्याच्या कुटुंबातील निर्णय बहुधा होऊन गेलेले असतात. रुग्णालयात ते निर्णय आपल्या डोळ्यांदेखत होतात, आणि समाजकार्यकर्त्याला हस्तक्षेप करायला जागा असते.

एक नमुन्याचा प्रसंग घेऊ. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या 78 वर्षांच्या आजींच्या केसपेपरवर डॉक्टरांनी ‘डिस्चार्ज’ लिहिले आहे. वैद्यकीयदृष्ट्या प्रश्न संपला आहे. घर चाळीत तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला आहे. मुलगा कारखान्यात पाळीने कामाला जातो, सून चार घरी स्वयंपाकाला जाते. नवखा विद्यार्थी येथे सुनेला ‘काळजी कशी घ्यावी’ याची माहिती देऊन फॉर्म पूर्ण करतो. अनुभवी समाजकार्यकर्ता आधी सुनेला बाजूला घेऊन एकटीला विचारतो, की रात्री आजींना उठवायला कोण आहे, त्या आठवड्यात तुमची किती घरची कामे सुटतील, आणि पगार कापला गेला तर घर कसे चालेल. मग तो आजींना एकटीला विचारतो, की तुम्हाला कुठे जावेसे वाटते आहे. या दोन उत्तरांमधूनच पुढची योजना निघते: कमोड खुर्ची आणि वॉकर अनामत रकमेवर देणारे रुग्णसाहित्य केंद्र, काही आठवड्यांसाठी तळमजल्यावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे सोय, घरी काळजी घेणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्युरोची बाई परवडणार असेल तर बारा तासांची की चोवीस तासांची, आणि फिजिओथेरपिस्ट घरी येणार की रुग्णाला न्यावे लागणार. या सगळ्याची नोंद करताना ‘सून सहकार्य करत नाही’ असे वाक्य कधीही लिहू नये. ‘सून सकाळी सात ते दुपारी दोन बाहेर असते’ असे लिहिले म्हणजे पुढच्या माणसाला त्यावरून काम करता येते.

अशा नोंदी हीच पुढे तुमची पुंजी होते. पर्यवेक्षकासोबतच्या वैयक्तिक चर्चेत, ज्याला विद्यार्थी ‘आयसी’ म्हणतात, नुसता अहवाल सादर करून सही घेऊ नये; एका केसवर तासभर वाद घालावा. नाव, पत्ता आणि ओळख पटेल असे सर्व तपशील काढून टाकलेल्या पाच-सहा चांगल्या केसनोंदी मुलाखतीच्या वेळी प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतात. या वर्षात रोजच्या हालचालींचे मूल्यमापन करायलाही शिकून घ्यावे. आंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, अंथरुणातून उठणे, लघवी-शौचावरील ताबा आणि जेवण ही सहा कामे माणूस स्वतः करतो की मदतीने, हे कॅट्झच्या मापनपट्टीवर पाहिले जाते. औषधे घेणे, पैशांचा हिशेब, फोन, प्रवास यांसारखी जरा गुंतागुंतीची कामे लॉटनच्या पट्टीवर तपासतात. नैराश्याच्या चाचणीसाठी पंधरा प्रश्नांची ज्येष्ठांसाठीची पट्टी वापरात आहे. या पट्ट्या निदानासाठी नाहीत, डॉक्टरांकडे कधी पाठवायचे हे ठरवण्यासाठी आहेत.

तिसरी पायरी : कायदा आणि योजना तोंडपाठ असू द्या

ज्येष्ठांमध्ये काम करणाऱ्याला समुपदेशन येत नसेल तर ते काही काळ झाकले जाते, पण कागद कळत नसतील तर पहिल्याच आठवड्यात उघडे पडते. दारात आलेल्या आजोबांना मनमोकळ्या संवादाइतकीच, कित्येकदा त्याहून अधिक, ‘श्रावणबाळचे पैसे तीन महिने का आले नाहीत’ याच्या उत्तराची गरज असते.

वयाची अट हा नवख्याला हमखास चकवणारा भाग आहे, कारण ‘ज्येष्ठ’ कोणाला म्हणायचे हे प्रत्येक योजनेने आपल्यापुरते ठरवले आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या 2007 च्या केंद्रीय अधिनियमात ते वय 60 आहे, आणि राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणातही 2018 पासून 60 च आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी मात्र 65 पूर्ण लागतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते आणि 2023 पासून दरमहा 1,500 रुपये मिळतात. 2024 मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतही 65 चीच अट आहे. तेथे उत्पन्नमर्यादा दोन लाख असून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साहित्यासाठी एकदाच 3,000 रुपये बँक खात्यात जमा होतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना त्याहून वेगळी असून ती 60 पासून लागू होते आणि तीत पैसे न देता प्रत्यक्ष साहित्य दिले जाते. एसटीत 65 ते 75 या वयोगटाला अर्धे तिकीट आणि 75 च्या पुढे मोफत प्रवास आहे. आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. 21,000 रुपये वार्षिक उत्पन्न म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. एवढ्यात कोणतेही कुटुंब जगत नाही हे तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सर्वांना ठाऊक असते, आणि उत्पन्नाच्या दाखल्याभोवतीचा सगळा ताण तेथूनच निर्माण होतो. समाजकार्यकर्त्याने या ताणात खोटा दाखला सुचवायचा नसतो; विभक्त शिधापत्रिका, विधवा किंवा निराधार म्हणून संजय गांधी निराधार योजनेतील पात्रता असे कायदेशीर पर्याय शोधायचे असतात. गोव्यात काम करणाऱ्याने याच जागी दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे नियम पाठ करावेत.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 आणि त्याखालील महाराष्ट्राचे 2010 चे नियम मुळातून वाचावेत. सारांशावर भागवू नये. निर्वाहाचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांतांच्या, अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणापुढे जातो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा, अपवादात्मक परिस्थितीत आणखी 30 दिवस घ्यावेत, असे कायदा सांगतो. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा मूळ अधिनियमात दरमहा 10,000 रुपये आहे. ज्याला मूलबाळ नाही असा ज्येष्ठही, आपली मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारसाहक्काने मिळणार आहे, अशा नातेवाइकाकडून निर्वाह मागू शकतो. अर्ज ज्येष्ठाने स्वतः करावा, आणि तो असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा नोंदणीकृत संस्थेने करावा, अशी तरतूद आहे. या एका तरतुदीमुळे समाजकार्यकर्त्याला या कायद्यात थेट भूमिका मिळते. कलम 17 वकिलांना या प्रक्रियेपासून दूर ठेवते; त्यावर न्यायालयांत वाद झाले असले तरी अनेक ठिकाणी आजही अर्ज लिहिण्याचे, पुरावे लावण्याचे आणि तारखेला सोबत बसण्याचे काम संस्थेचा कार्यकर्ताच करतो.

कलम 23 विशेष काळजीने समजून घ्यावे. मुलाच्या नावे घर करून दिल्यानंतर त्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते, एवढे लोकांनी ऐकलेले असते. परंतु ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हस्तांतरण झाले होते हे दाखवावे लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये या अटीवर भर दिला होता. जानेवारी 2025 च्या निकालात मात्र कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावण्याची भूमिका दिसते. म्हणून बक्षीसपत्र करण्याच्या आधीच ज्येष्ठ भेटीला आले, तर अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्या हा सल्ला त्यांना वकिलाकडे पाठवण्यापूर्वी देणे आपल्या हातात असते. अर्ज करायला आलेल्या आईला बहुधा निकाल नकोच असतो. ‘त्याला आत टाकू नका, फक्त महिन्याचे औषध देत जा एवढे सांगा,’ असे त्या म्हणतात. अधिनियमात सलोख्याची तरतूद याचसाठी आहे. न्यायाधिकरण प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे पाठवू शकते आणि त्याने महिनाभरात आपला निष्कर्ष कळवायचा असतो. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याने येथे नाव नोंदवण्याचा प्रयत्न अवश्य करावा. सलोखा करताना सुनेच्या घरात राहण्याच्या हक्काकडे दुर्लक्ष करू नये. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिलेला हा हक्क ज्येष्ठांच्या कायद्याने आपोआप पुसला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले आहे.

चौथी पायरी : वाट निवडणे

रुग्णालय ही पहिली वाट. सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग यांच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकांची पदे असतात. मोठ्या महानगरपालिकांची स्वतःची भरती असते. 2010-11 पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी दहा खाटांचा कक्ष ठेवण्याची योजना आहे आणि मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय हे त्यातील एक प्रादेशिक केंद्र आहे. विश्वस्त रुग्णालयांकडे नवोदितांनी विशेष लक्ष द्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 कक नुसार आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात आणि एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. त्या निधीचे कागद तपासणारा माणूस बहुधा वैद्यकीय समाजकार्यकर्ता असतो. या खुर्चीत दोन वर्षे बसलेल्याला शहरातील प्रत्येक दार माहीत होते.

शासकीय सेवेची वाट लांब पल्ल्याची आहे. समाज कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे; जिल्ह्यात सहायक आयुक्त, समाज कल्याण हे कार्यालय ज्येष्ठांच्या योजना, वृद्धाश्रमांची अनुदाने आणि निर्वाह अधिकाऱ्याची जबाबदारी सांभाळते. न्यायाधिकरणापुढे ज्येष्ठाची इच्छा असेल तर त्याची बाजू मांडण्याचा अधिकार निर्वाह अधिकाऱ्याला असतो. लोकसेवा आयोगामार्फत आणि विभागाच्या स्वतंत्र परीक्षांमार्फत ही पदे भरली जातात. भरतीच्या जाहिराती अनियमित येतात, म्हणून निव्वळ त्यांच्या आशेवर दोन-तीन वर्षे घरी बसून काढणे मला योग्य वाटत नाही; नोकरी करत अभ्यास करावा. सरकारी नोकरीत एकच एक गटासाठी काम मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नये, कारण तेच टेबल वसतिगृहांचे, शिष्यवृत्तीचे आणि दिव्यांगांचेही असू शकते.

नुकतीच पदवी घेतलेल्यांसाठी 14567 ही राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइन सर्वांत चांगली शाळा आहे, असे मी म्हणेन. महाराष्ट्रात ती पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनमार्फत चालवली जाते आणि सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत सुरू असते. फोन घेणारे अधिकारी आणि जिल्ह्यांत प्रत्यक्ष जाऊन प्रकरण हाताळणारे क्षेत्र अधिकारी अशी तेथे कामाची विभागणी आहे. रस्त्यावर सोडून दिलेल्या वृद्धापासून निवृत्तिवेतन अडकलेल्या शिक्षकापर्यंत सर्व प्रकारची प्रकरणे एकाच आठवड्यात येतात, आणि पोलीस ठाणे, तहसील कार्यालय, निवारागृह यांच्याशी मराठीत, ठामपणे आणि आदर ठेवून बोलायची सवय लागते. पगार बेताचा असतो. दोन वर्षे करावे आणि पुढे सरकावे.

वृद्धाश्रमांचे जग फार असमान आहे. शासनाची मातोश्री वृद्धाश्रम योजना आहे, केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतून अनुदान घेणाऱ्या संस्था आहेत, देणग्यांवर चालणाऱ्या जुन्या संस्था आहेत, आणि महिन्याला भरघोस शुल्क घेणारी खासगी निवासेही आहेत. अनुदानित ठिकाणी मानधन कमी असते आणि अनुदान उशिरा आले की तेही थांबते. मुलाखतीत याबद्दल थेट विचारावे, त्यात संकोचण्यासारखे काही नाही. रुजू होण्यापूर्वी एकदा दुपारी तीनच्या सुमारास न कळवता जाऊन यावे. रहिवासी कुठे आहेत, खोलीत पडून आहेत की अंगणात, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस कोण आणि किती वेळाने बदलते, तक्रारवही कुणी लिहिते का, एवढे पाहिले तरी संस्था कळते.

मानसिक आरोग्य आणि स्मृतिभ्रंश या क्षेत्रात प्रशिक्षित माणसांची टंचाई जाणवते. देशात 60 वर्षांवरील सुमारे 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे सुमारे 88 लाख, असा अंदाज मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीशी जोडलेल्या अभ्यासातून पुढे आला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार ‘मनोविकार समाजकार्यकर्ता’ म्हणवून घ्यायला एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एमफिल लागते. बंगळुरूची निम्हान्स ही त्यासाठीची सर्वांत नावाजलेली संस्था आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत अशा माणसांची गरज असते. एमफिल न करताही स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या कुटुंबांचे आधारगट, डे केअर केंद्रे आणि निवासी केंद्रे यांत काम करता येते. या कामात रुग्णापेक्षा त्याची काळजी घेणाऱ्या बायकोकडे किंवा मुलीकडे अधिक वेळ द्यावा लागतो, हे आधीच मनात पक्के केलेले बरे.

उपशामक सेवेची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करण्याच्या कामाची, वाट निवडणारे थोडे असतात आणि ते सहसा सोडून जात नाहीत. वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 पासून आणि पुण्यात वारजे येथील सिप्ला फाउंडेशनचे केंद्र 1997 पासून हे काम करत आहे. अखेरच्या दिवसांत उपचार किती आणि कोठे थांबवायचे याविषयीच्या आगाऊ इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे त्यासाठी पुरते. कुटुंबाशी हा विषय काढणे हे बहुधा समाजकार्यकर्त्यावरच येते.

खासगी केअर मॅनेजरचे काम पुणे, मुंबई, ठाणे आणि नाशिकमध्ये वाढते आहे. मुले अमेरिकेत किंवा बंगळुरूला, आई-वडील कोथरूडला किंवा डोंबिवलीला, आणि मधल्या अंतरासाठी मासिक शुल्क घेणारी कंपनी, असे त्याचे स्वरूप असते. पगार संस्थांपेक्षा बरा असतो. अडचण अशी की, पैसे मुलगा देतो आणि काम आई-वडिलांसाठी करायचे असते, आणि या दोघांच्या इच्छा वेगळ्या असतात तेव्हा कंपनी शुल्क देणाऱ्याकडे झुकते. वडिलांनी ‘हे त्याला सांगू नका’ म्हटले तर काय करायचे, याचे लेखी धोरण कंपनीकडे आहे का, हे रुजू होण्यापूर्वी विचारावे. ज्याने आधी रुग्णालयात किंवा हेल्पलाइनवर काम केले आहे, त्याने या वाटेला खुशाल जावे; थेट महाविद्यालयातून गेल्यास हे काम औषधे पोहोचवणे आणि अॅपवर फोटो टाकणे एवढ्यापुरते उरण्याचा धोका असतो.

ज्येष्ठ नागरिक संघ आणि महापालिकांची विरंगुळा केंद्रे यांत पूर्णवेळ पदे कमी असली तरी त्यांना टाळू नये. 1980 मध्ये स्थापन झालेल्या फेस्कॉम या राज्य महासंघाशी गावोगावचे संघ जोडलेले आहेत, आणि धोरणासाठी शासनाशी सातत्याने बोलणारी माणसे तेथेच भेटतात.

पाचवी पायरी : जाहिरात आणि मुलाखत

जाहिरातीत ‘समुपदेशक’, ‘सामाजिक कार्यकर्ता’, ‘समन्वयक’, ‘पेशंट नॅव्हिगेटर’, ‘रुग्ण संपर्क अधिकारी’ असे शब्द दिसले की कामाचे वर्णन शेवटपर्यंत वाचावे. ‘मार्केटिंगची आवड’ किंवा ‘टार्गेट’ असा उल्लेख असेल तर ती नोकरी समाजकार्याची नाही. भारतात समाजकार्यकर्त्यांची सर्वसाधारण व्यावसायिक परिषद अद्याप नाही. मात्र आरोग्यक्षेत्राशी संलग्न व्यावसायिकांसाठीच्या 2021 च्या राष्ट्रीय आयोग अधिनियमाच्या अनुसूचीत वैद्यकीय व मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला आहे. त्यामुळे या क्षेत्रात राहणाऱ्याने आपली गुणपत्रके, क्षेत्रकार्याच्या तासांचे दाखले आणि पर्यवेक्षकांची पत्रे आतापासून जपून ठेवावीत. नोंदणीच्या वेळी ती शोधत फिरण्याची पाळी येऊ नये.

मुलाखतीत ‘तुम्हाला आजी-आजोबा आवडतात का’ असा प्रश्न अजूनही विचारला जातो. त्याला घरच्या आजीची गोष्ट सांगून उत्तर देऊ नये. एक केस थोडक्यात सांगावी, आपण काय केले, काय साधले नाही आणि का, हे सांगावे.

सहावी पायरी : पहिले सहा महिने

रुजू झाल्यावर एक नोंदवही करावी. तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेचा कर्मचारी, प्रांत कार्यालयातील लिपिक, पोलीस ठाण्यात ज्येष्ठांच्या नोंदी ठेवणारा कर्मचारी, विश्वस्त रुग्णालयांतील समाजकार्यकर्ते, बँकेत हयातीचे दाखले घेणारा खिडकीवरचा माणूस, विश्वासू ब्युरो, रुग्णसाहित्य केंद्रे आणि रात्री येणारी रुग्णवाहिका, अशी तिची पाने असतात. ही वही संस्था बदलली तरी आपल्याबरोबर जाते, म्हणून तिच्यात फक्त कार्यालयीन संपर्क ठेवावेत, लाभार्थींची माहिती कधीही लिहू नये.

काही मर्यादा पहिल्या दिवसापासून पाळाव्या लागतात. आजी एटीएम कार्ड हातात देऊन पिन सांगतात आणि ‘बाळ, हजार रुपये काढून आण’ म्हणतात. नाही म्हणणे जड जाते, पण कार्ड आपल्या हातात घेऊ नये. त्यांच्यासोबत बँकेत जावे किंवा घरपोच बँकसेवेचा अर्ज भरून द्यावा. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नये. दिवाळीचा फराळ घ्यावा, साडी किंवा पैसे घेऊ नयेत. शोषणाचा संशय आला, म्हणजे अंगावरचे वळ, अचानक बदललेले खाते किंवा मुलाच्या समोर गप्प होणारे आजोबा दिसले, तर त्याच दिवशी तारखेसह नोंद करून वरिष्ठांना कळवावे. एकट्याने घरी जाऊन मुलाला जाब विचारू नये, कारण आपण निघून गेल्यावर रात्रभर त्या घरात आजोबाच असतात.

बोलण्याची पद्धतही शिकावी लागते. सर्वांना सरसकट ‘आजी’, ‘बाबा’ म्हणण्यापेक्षा आधी विचारावे. निवृत्त मुख्याध्यापिकेला ‘बाई’ किंवा ‘मॅडम’ हवे असते, तर मार्केट यार्डातल्या माजी हमालाला ‘दादा’ अधिक जवळचे वाटते. ऐकू कमी येणाऱ्याशी ओरडून बोलू नये. समोर, उजेडात बसून सावकाश बोलावे.

सातवी पायरी : पाच वर्षांनंतर

पाच-सहा वर्षांच्या कामानंतर वाटा पुन्हा फुटतात. प्रकल्प व्यवस्थापन, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतील कामे, काळजीवाहकांचे प्रशिक्षण, आणि ज्यांनी नेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण केली आहे त्यांच्यासाठी अध्यापन. संशोधनाकडे कल असलेल्यांसाठी देवनारच्या दोन शेजारी संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, या उघड वाटा आहेत. परदेशात जायचे असेल तर तेथील नोंदणीची प्रक्रिया आधी तपासावी. उदाहरणार्थ, इंग्लंडमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला समाजकार्यकर्ता म्हणवता येत नाही आणि भारतीय पदवीचे मूल्यमापन तेथील नियामक संस्था करते.

स्वतःची संस्था काढण्याचा विचार याच टप्प्यावर अनेकांच्या मनात येतो, आणि बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वृद्धाश्रमच असतो. माझा आग्रह असा की, सुरुवात त्याने करू नये. इमारत, स्वयंपाक, रात्रपाळीचे कर्मचारी, औषधे आणि मृत्यूनंतरचे कागद यांचा खर्च पहिल्या वर्षापासून चालू होतो, आणि देणग्या मात्र दिवाळीच्या सुमारास येतात. एका वॉर्डात घरी जाऊन सेवा देणे, आठवड्यातून दोन दिवसांचे कागदपत्र मदत केंद्र किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी दुपारचे डे केअर यांपैकी एखाद्या कामाने सुरुवात केल्यास भांडवल कमी लागते आणि परिसरातील खरी गरज कळते. नोंदणीसाठी विश्वस्त संस्था, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालील कंपनी असे तीन पर्याय आहेत. देणगीदारांना करसवलत देता यावी म्हणून आयकर कायद्याखालची, ‘12 अ’ आणि ‘80 ग’ या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी लगेच करून घ्यावी, आणि हिशेब पहिल्या महिन्यापासूनच सनदी लेखापालाकडे द्यावेत.